शाळा उघडायच्या आधीचा आठवडा

१५ जून आला की वह्या, कव्हरं, रेनकोट यातच आठवडा जातो आणि मुलांच्या तब्येतीचं सगळं राहून जातं, दरवर्षीचंच आहे, म्हणून यंदा आधीच लिहून काढलंय, पहिली-दुसरीवाल्या आईबाबांना उपयोगी पडेल.

आधी लसीकरणाचं कार्ड शोधा. आमचं मागच्या वर्षी गॅसच्या पुस्तकासोबत एका पिशवीत सापडलं 😀 त्यात ५-६ वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर झालाय का बघा, हा हमखास राहतो कारण पोरगं चालायला लागलं की कार्ड कोण बघतंय, आणि सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. कार्डाची झेरॉक्स बाईंकडे द्या. अ‍ॅलर्जी, दमा, फिट येत असेल तर तेही कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं एवढ्या पोरांत कुणाच्या लक्षात राहणार.

मग वॉटरबॅग. स्ट्रॉवाली असेल तर झाकणातली ती रबराची रिंग सुरीच्या टोकाने काढून बघा. मी काढली तर खाली काळी बुरशी, आणि मी रोज बाटली विसळून भरत होते! बारीक ब्रश आणा नाहीतर सरळ स्टीलची साधी बाटली घ्या. दप्तरात जास्तीचे मोजे एका पिशवीत, रेनकोट दप्तरावरून येईल एवढा मोठा, आणि रोज संध्याकाळी ओल्या बुटांत पेपरचे बोळे.

रिक्षा-व्हॅन ठरवताना भाडं सगळे विचारतात, एकूण पोरं किती बसवणार ते विचारा, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी दोन-तीन कोंबत असतील तर सरळ नाही म्हणा. न्यायला कोण येणार त्यांची नावं बाईंना लिहून द्या, आणि मुलासोबत घरातला एक गुपित शब्द ठरवा, तो न सांगणाऱ्यासोबत जायचंच नाही, भले ओळखीचे काका असोत. आईचा किंवा बाबांचा नंबर पाठ करून घ्या आणि १०९८ पण, ती मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फुकट लागते.

आता जरा भांडणाचं बोलते. सकाळी ताप, पॅरासिटामॉलचं सिरप पाजलं, साडेसातला व्हॅनमध्ये बसवलं, हे बंद करा प्लीज. अकरा वाजता औषध उतरतं आणि पोरगं बाकावर डोकं टेकून बसतं, तोवर शेजारच्या दोघांना दिलेलं असतं. सुट्टी मिळत नाही हे मान्य, मीही नोकरी करते, म्हणून तर आजारपणात कोण थांबणार हे आत्ताच घरात ठरवून ठेवा, आजी, शेजारच्या काकू, आळीपाळीने हाफ डे, काहीही. औषधाशिवाय २४ तास ताप नाही आला की मगच शाळा. तोंडात फोड आणि हातापायांवर पुरळ दिसलं तर हँड फूट माउथ असू शकतं, पावसाळ्यात शाळेत पसरतं ते, डॉक्टरांना दाखवा आणि फोड सुकेपर्यंत घरी ठेवा. उलटी-जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं आणून ठेवा, अख्खं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात (मोठं असेल तर एक लिटर), अर्धं-अर्धं करू नका.

रविवारी फणी घेऊन बसा. उवा निघाल्या तर लाज वाटून लपवू नका, बाईंना कळवा, नाहीतर पुढच्या सोमवारी त्याच परत.

ऑगस्टमध्ये शाळेत जंताची गोळी देतात, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून खायची असते. त्या दिवशी पोराला बरं नसेल तर बाईंना आधी सांगा, बरं झाल्यावर नंतरच्या फेरीत देतात.