आयल्ट्स रायटिंगचे मार्क नेमके कुठं जातात, माझ्या तीन अटेम्प्टवरून सांगते

बेळगावात नर्सिंग करून यूकेला जायची तयारी करणाऱ्या पोरींना आयल्ट्स ही इंग्लिशची परीक्षा द्यावी लागते, त्या मला सारखं एकच विचारतात, अक्का, बाकी तिन्हीला (लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग) ७ आले मग रायटिंगलाच का अडकतंय. माझंपण तेच झालेलं. पहिल्यांदा रायटिंग ५.५, दुसऱ्यांदा ६, तिसऱ्यांदा ६.५ आले आणि तिथं सुटले, कारण यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, अकॅडेमिक आयल्ट्समध्ये रायटिंगला ६.५ आणि बाकी तिन्हीला ७ लागतात (२०१८ च्या शेवटापर्यंत रायटिंगलापण ७ च लागायचे).

पहिल्या दोन वेळेला मी इंग्लिश सुधारत बसले, पण पेपर तपासणारा काय बघतो हे बघितलंच नव्हतं. आम्ही खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या पोरी, घरात मराठी, ऑफिसात गेलं की कन्नड, कॉलेजात इंग्लिश, आणि निबंध म्हटलं की डोक्यात शाळेतलाच निबंध. सुरुवातीला सुविचार, मधे कवितेच्या दोन ओळी, शेवटी "म्हणूनच म्हणतात", आणि बाई खाली "छान" लिहायच्या. ती सवय वाईट नाही, मला लिहायची गोडी तिथंच लागली, पण आयल्ट्समध्ये "छान" ला मार्क ठेवलेलेच नाहीत.

मार्क चार रकान्यांत आहेत. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय का, मांडणी आणि सांधे कसे आहेत, शब्द, आणि व्याकरण. चौघांना सारखंच वजन, प्रत्येकी २५ टक्के, प्रत्येकाला ० ते ९ बँड. म्हणजे समजा शब्दांना ७, व्याकरणाला ६, मांडणीला ६ आणि उत्तराला ५ मिळाले तर त्या टास्कचे सरासरी ६ झाले. तुमचे भारी शब्द त्या ५ ने खाल्ले की! शिवाय टास्क दोन आहेत, टास्क १ म्हणजे ग्राफबद्दल लिहायचं आणि टास्क २ म्हणजे निबंध, दोन्ही ६० मिनिटांत, आणि टास्क २ चं वजन टास्क १ च्या दुप्पट. तरी मी पहिल्या वेळी ग्राफवरच अर्धा तास घालवला, नीट लिहायचं म्हणून. टास्क १ ला २० मिनिटं, टास्क २ ला ४०, हे घड्याळ लावून हाताला सवय होईपर्यंत करा.

आता सगळ्यात जास्त मार्क जातात ते उत्तराच्या रकान्यात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. सरावाला एक विषय होता, म्हाताऱ्या माणसांनी घरच्यांसोबत राहावं असं काहींचं मत, वृद्धाश्रम बरा असं काहींचं, दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या. मी काय लिहिलं, तर आजी-आजोबा घराचा आधार कसे असतात, आपली संस्कृती काय सांगते, आई-वडलांचे उपकार. मनापासून लिहिलं, आजीची आठवण येऊन डोळे भरलेले. पण वृद्धाश्रमाची बाजू दोन ओळींत उरकली आणि माझं मत काय ते कुठं सरळ लिहिलंच नाही. प्रश्नात तीन कामं होती, मी एक केलं. ७ बँडला प्रश्नाचे मुख्य भाग नीट हाताळलेले हवेत आणि तुमची भूमिका पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पष्ट दिसायला हवी. मत कुठलंही चालतं, त्याला मार्क नाहीत. पण मुद्दा मांडला की तो पुढं न्यायचा, का, कसं, उदाहरण काय. पाच मुद्दे नुसते टाकण्यापेक्षा दोन मुद्दे पुरते खुलवलेले बरे.

क्लासमध्ये आम्हाला टेम्प्लेट पाठ करून घेतलेलं, पहिला पॅरेग्राफ जसाच्या तसा, फक्त विषयाचं नाव बदलायचं. माझा दुसरा अटेम्प्ट त्यातच गेला असं मला वाटतं. तपासणारे ट्रेनिंग घेतलेले असतात, पाठ केलेलं त्यांना ओळखू येतं, आणि त्याला श्रेय मिळत नाही.

टास्क १ चं मला वॉर्डातच कळलं. नाईट संपवून हँडओव्हर देताना सीनियर सिस्टर आधी काय विचारते, पेशंट कसा आहे? तेव्हा आपण दोन वाजता ताप किती, चार वाजता किती, सहा वाजता किती असं सुरू करत नाही, "ताप उतरतोय पण बीपी अजून कमीच आहे" असं सांगतो आणि मग आकडे. ग्राफचा ओव्हरव्ह्यू म्हणजे तेवढंच. तो स्पष्ट नसेल तर त्या रकान्यात वर चढणं अवघड, बाकी आकडे कितीपण बरोबर असोत.

मांडणीबद्दल एवढंच, की दर वाक्याच्या तोंडाला मोरओव्हर, फर्दरमोअर लावलं म्हणजे सांधा बसत नाही, उलट ते यांत्रिक दिसतं आणि मार्क अडतात. एका पॅरेग्राफात एकच मुद्दा ठेवा. शब्दांचंपण तसंच, अवघड शब्द शोधू नका, कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो ते बघा.

व्याकरणात आपल्या पोरींचं घोडं ए, अ‍ॅन, द वर अडतं. ना मराठीत तसलं काही आहे ना कन्नडमध्ये, त्यामुळं कानाला चुकलेलं कळतच नाही. आणि वॉर्डातलं इंग्लिश, "इक्विपमेंट्स", "इन्फर्मेशन्स" (या शब्दांना शेवटी एस लागत नाही), हे रोज बोलून बोलून पक्कं बसलेलं असतं. ७ बँडला सगळंच निर्दोष लागत नाही, पण बिनचुकीची वाक्यं वारंवार यायला हवीत. म्हणून मी शेवटची ४ मिनिटं फक्त याच चुका शोधायला ठेवायचे.

तिसऱ्या वेळी मी रोज एक निबंध लिहायचं बंद केलं, आठवड्याला दोनच. बँड डिस्क्रिप्टर, म्हणजे कुठल्या बँडला काय लागतं त्याचा तक्ता, आयल्ट्सच्या साईटवर फुकट मिळतात, त्याची प्रिंट काढली, वहीत चार रकाने आखले, आणि लिहिलेलं दोन दिवस बाजूला ठेवून मग स्वतः मार्क द्यायचे, प्रत्येक मार्काशेजारी कारण लिहायचं. पहिल्या रकान्यात माझे पाच-पाच बघून वाईट वाटायचं, पण त्याच वहीनं मला वर काढलं. रूममेटची वही मी तपासायचे, माझी ती. दुसऱ्याची चूक लवकर दिसते.

पैशाचंपण सांगते. ५.५ आल्यावर मी रागानं रीमार्किंगला, म्हणजे पेपर परत तपासायला, टाकलेलं, निकालापासून ६ आठवड्यांच्या आत करता येतं आणि स्कोअर बदलला तर फी परत मिळते, माझा बदलला नाही. अगदी अर्ध्या बँडनं हुकलं असेल आणि टास्क २ चांगला गेल्याची खात्री असेल तरच करा. त्यापेक्षा एनएमसी १२ महिन्यांतले दोन निकाल जोडून घेते ते बघा, अट एवढीच की दोन्ही वेळेला रायटिंग ६ च्या खाली आणि बाकी काही ६.५ च्या खाली नको. कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर एकच स्किल परत द्यायची सोय आहे, ६० दिवसांत, पण जिथं अर्ज करणार तिथं तो निकाल चालतो का हे फी भरायच्या आधी मेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.