जुन्या घाटणीची स्वस्त इलेक्ट्रिक गिटार: विदर्भातल्या उन्हात आणि विजेवर या चुका टाळा

एप्रिल लागला की आमच्याकडे गिटारीच्या तक्रारी सुरू होतात. तारा झणझणतात, मान हाताला टोचते, सूर टिकत नाही, अँपला (गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरला) हात लावला की करंट लागतो. आणि प्रत्येक तक्रारीच्या शेवटी तेच: "स्वस्तातली घेतली ना भाऊ, म्हणून असं."

माझं मत नेमकं उलट आहे. फेंडर कंपनीची टेलिकास्टर (आधी ब्रॉडकास्टर म्हणून १९५० मध्ये आलेली, १९५१ मध्ये नाव बदललेली) आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर यांच्या जुन्या घाटणीवर बेतलेल्या परवडणाऱ्या गिटारी आज चांगल्याच बनतात. फेंडरच्याच स्क्वायर नावाखाली २००८ मध्ये आलेली क्लासिक व्हाइब मालिका हे त्यातलं ओळखीचं उदाहरण. भीमगीतांच्या पार्टीत किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात रात्र काढायला अशी गिटार पुरून उरते. तिच्या नावावर खपणारे निम्मे बिघाड आपल्या हवेचे आणि घरातल्या वायरिंगचे असतात. उरलेल्यांतले बरेच तर बिघाडच नसतात.

खोका उघडल्या उघडल्या पाना फिरवू नका

कुरिअरची गिटार ट्रकमध्ये, गोदामात तापत आलेली असते. ती दोन-तीन दिवस घरात सुरात लावून ठेवा. मग सहावी म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) एकदम दाबा आणि आठव्या फ्रेटजवळ तारेखाली किती फट राहते ते पाहा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड (मानेचा बाक आवरणारी आतली सळई) घट्ट करायचा, फटच नसेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मोजायचं. सायकलच्या दुकानातला "जवळपास बसणारा" ॲलन पाना घालू नका. आतली षटकोनी खाच एकदा गोल झाली की साध्या कामाचा खर्चिक खेळ होतो. काही अगदी जुन्या पद्धतीच्या मॉडेलांत रॉडचं तोंड मानेच्या बुडाशी असतं, तिथे मान काढावी लागते. ते घरी करण्यात अर्थ नाही.

मान सरळ झाल्यावरच तारांची उंची. उलट क्रमाने केलं की दोन्ही कामं पुन्हा करावी लागतात. फेंडरचे आकडे सतराव्या फ्रेटवर मोजायचे आहेत: फ्रेटबोर्डची (फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीची) गोलाई, म्हणजे तिच्या बाकाची त्रिज्या, ९.५ इंच असेल तर दोन्ही बाजूंना साधारण १.६ मिलिमीटर, खरी जुनी ७.२५ इंचाची गोलाई असेल तर जाड तारेकडे २ आणि बारीक तारेकडे १.६. या दुसऱ्या गोलाईवर तारा हौसेने अगदी खाली आणल्या की वरच्या फ्रेटवर तार ओढताना सूर मध्येच मरतो. गिटार परत पाठवायची तयारी करण्याआधी सॅडलचे (बुडाकडे ब्रिजवर तारा टेकतात त्या तुकड्यांचे) स्क्रू किंचित वर घ्या. पण बहुतेक बेताच्या किमतीच्या गिटारींना ९.५ चीच गोलाई देतात, त्यामुळे हा प्रश्न अनेकांना येणारही नाही.

मे महिना, कूलर आणि टिनाचं छत

हवामानावर जरा थांबावं लागेल. पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. अशा हवेत फ्रेटबोर्डचं लाकूड आक्रसतं, फ्रेटची धातूची पट्टी मात्र आक्रसत नाही. मग पट्ट्यांची टोकं दोन्ही कडांनी बाहेर डोकावतात. तळहात मानेच्या कडेवरून खालून वर सरकवला की करवतीवरून फिरवल्यासारखं वाटतं. ही "फिनिशिंगची बोंब" फक्त स्वस्त गिटारींची नाही, महागड्याही आमच्या उन्हात हेच करतात. पावसाळ्यात लाकूड फुगलं की टोकं बरीचशी आत जातात, म्हणून लोक विसरून जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच गाणं. घासून घ्यायचीच असतील तर मे महिन्यातच घ्या. तेव्हा लाकूड सगळ्यात आक्रसलेलं असतं. त्या वेळी सारखी केलेली टोकं नंतर वर येत नाहीत. कडेला आणि फ्रेटबोर्डला टेप लावा, बारीक दातांची कानस घ्या आणि फक्त टोकावर हलका हात चालवा. पत्र्याला लावायची कानस इथे नको.

खरी गंमत कूलरने होते. दिवसभर गिटार तापलेल्या खोलीत टांगलेली, रात्री तिच्याच समोर कूलर. तारांवर गंज चढतो, आणि लाकूड रोज सुकतं-फुगतं म्हणून मान एका जागी राहत नाही. कूलरच्या झोतात गिटार ठेवू नका, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर टांगू नका, टिनाच्या छताखालच्या माळ्यावर तर मुळीच नाही. घराच्या आतल्या, जाड भिंतीच्या खोलीत पेटीत किंवा बॅगेत ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या जून ते सप्टेंबर बॅगेत चालतील. उन्हाळ्यात त्या काढून टाका, आधीच कोरड्या लाकडातला उरलेला ओलावाही त्या ओढून घेतात.

उष्णतेने तारा सैल होऊन सूर उतरतो, थंडीने ताणून चढतो. डिसेंबरमध्ये रात्रभराचा कार्यक्रम असला की दहा वाजता लावलेली गिटार पहाटेपर्यंत चढलेली असते, त्यात स्टेजवरच्या हॅलोजनची धग निराळी. खुंट्या बदलून हे थांबत नाही. दर दोन-चार गाण्यांनी ट्यूनर बघायचा, एवढंच.

आणि फ्रेटबोर्डला खोबरेल तेल नको. रोझवूड किंवा इंडियन लॉरेलच्या कोरड्या फ्रेटबोर्डला वर्षातून एक-दोनदा गिटारीचं हलकं तेल बोटभर पुरतं. पॉलिश केलेल्या मेपलला तेही नको, ओलसर फडकं पुरे.

"गिटार करंट मारते"

"भाऊ, गिटार करंट मारते."
"बोर्डाला अर्थिंग हाय का?"
"तीन छिद्रं तं हायेत ना!"

छिद्रं तीन असतात. बोर्ड उघडला की वरच्या मोठ्या छिद्रामागचा स्क्रू मात्र रिकामा दिसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रलची तार तिथे वळवून दिलेली असते. गिटारीच्या तारा, ब्रिज आणि अँपचं अर्थिंग हे सगळं आतून एकच असतं. अँपला जमीन मिळाली नाही की तो चिमटा थेट तारांवर येतो. टेस्टर तारेला लावला तर मंद उजळतो. गाता गाता ओठ माइकला लागले, आणि माइक दुसऱ्या अँप्लिफायरवर असला, तर झटका बसतो. हा विनोदाचा विषय नाही, माणूस जाऊ शकतो. वॉकी-टॉकीसारखी बिनतारी जोडणी किंवा पायात रबरी चप्पल हे उपाय सांगितले जातात, त्यांनी धोका झाकला जातो, जात नाही.

अर्थिंगची पिन तोडून दोन पिनीचा प्लग करणं ही सगळ्यात मोठी चूक. गुणगुण कमी होते म्हणून लोक करतात. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहा: आपली काळी माती मेमध्ये भेगाळते, पाइपाभोवतीची पकड सुटते आणि कागदावरचं अर्थिंग नावापुरतं उरतं. मंडपात जनरेटर असेल तर अँप आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या.

गुणगुण हा रोग नव्हे

जुन्या घाटणीचे सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर विजेच्या रूपात पकडणारे, एका वेटोळ्याचे चुंबक) घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडणारच. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५० च्या दशकात हमबकर (गुणगुण मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप) बनवला तो ह्याच कारणाने. पिकअप बदलायला निघण्याआधी खोलीत बघा: चोकवाली ट्यूबलाइट, पंख्याचा डिमर, लोडशेडिंगमध्ये चालणारा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर, भिंतीपलीकडची मोटर. एकेक बंद करा, मग अँपपासून दूर होऊन अंग थोडं वळवा. गुणगुणीचा जोर दिशेने बदलतो. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर वायरिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकमध्ये जोडण्या उलट-सुलट झाल्याची शक्यता मोठी, तिथे सोल्डरिंग तपासा. आजच्या बऱ्याच स्ट्रॅट घाटणीच्या गिटारींत मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, त्यामुळे पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण जवळपास नाहीशी होते. संथ गाण्याला तीच जागा धरा.

पिकअप तारांच्या फार जवळ आणणं हीसुद्धा नेहमीची चूक. आवाज मोठा होतो खरा, पण चुंबक जाड तारा ओढून धरतो आणि वरच्या फ्रेटवर एकाच तारेतून दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली साधारण २.४ आणि बारीकखाली २ मिलिमीटर ठेवा.

तीन सॅडल, चिरलेली खुंटी

जुन्या टेलीला (टेलिकास्टरला) सहा तारांमागे तीनच पितळी सॅडल असतात, एकावर दोन तारा. त्यामुळे इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर खरा लागणं) शंभर टक्के बसत नाही. ती तडजोड मूळ रचनेतलीच आहे. बारावा फ्रेट दाबून येणारा सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. जोडीतली जी तार जास्त वाजवता तिच्याकडे झुकतं माप द्या. आणि हे नव्या तारांवरच करा, गंजक्या तारांवर लावलेलं इंटोनेशन दोन दिवसही खरं राहत नाही.

चिरलेल्या, म्हणजे मधोमध मुद्दाम खाच दिलेल्या, खुंटीत तारेचं टोक मध्यातल्या भोकात खाली जातं. तार आधी कापायची असते, म्हणून लोक एकतर फार आखूड कापतात किंवा भीतीने लांबच लांब ठेवून आठ वेढे मारतात. पुढच्या दोन खुंट्यांएवढी लांबी ठेवली की दोन-तीन वेढे नीट बसतात. कापायच्या जागी तार आधी काटकोनात वाकवा, मग वाकाच्या पुढे कापा. नाहीतर जाड तारांचं वरचं वेटोळं सुटतं.

मंडपाच्या अँप्लिफायरवर थेट नको

भजनी मंडळाच्या अँप्लिफायरच्या माइक इनपुटमध्ये गिटार टोचली की आवाज घुसमटतो, कारण गिटारीला साधारण एक मेगाओहमचं इनपुट लागतं आणि माइकचं इनपुट त्याहून फारच कमी असतं. वर कर्ण्यातून किंवा मोठ्या स्पीकरमधून तीच गिटार कानाला टोचते. मध्ये डीआय बॉक्स (गिटारीचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवून देणारी डबी) किंवा गिटारीच्या स्पीकर-कॅबिनेटचा आवाज देणारा छोटा प्रोसेसर घाला. नव्या पिकअपवर खर्च करण्यापेक्षा हा पैसा सत्कारणी लागतो.

खरखरणाऱ्या व्हॉल्यूमला कॉन्टॅक्ट क्लिनर मारून नॉब वीसेक वेळा फिरवा. फ्रेट सपाट करणं आणि नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा खोल करणं मात्र नागपूर-अमरावतीच्या चांगल्या कारागिरावर सोडा. जाताना रोज वापरता त्याच जाडीच्या तारा बरोबर न्या. ९ च्या (पहिली तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) तारांसाठी कापलेला नट ११ च्या तारेला धरून ठेवतो, आणि तार ओढून सोडली की सूर परत जागेवर येत नाही.