इलेक्ट्रॉनमध्ये विंडो उघडताना या चुका टाळा

वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप बनवायच्या इलेक्ट्रॉनमध्ये ‘ब्राउझरविंडो’ची एक ओळ लिहिली की विंडो उघडते आणि नवशिक्यांना वाटतं, झालं काम. खरं काम तिथून सुरू होतं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती विंडोची जुनी जागा डोळे मिटून परत वापरण्याची. एका हिशेबाच्या अ‍ॅपची तक्रार आली होती: ‘उघडतच नाही.’ टास्कबारवर आयकॉन आहे, विंडो गायब. वापरणाऱ्या बाईंनी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. ऑफिसात लॅपटॉपला दुसरा मॉनिटर होता, विंडो त्यावर असताना अ‍ॅप बंद झालं. घरी तो मॉनिटर नव्हता. अ‍ॅप काढलं तरी ‘यूझरडेटा’ हे अ‍ॅपच्या नोंदींचं फोल्डर तसंच राहिलं होतं, आणि जागेची नोंद त्यातच! त्यावर टीमने घाईत तोडगा काढला: एक्स (विंडोची डावी-उजवी जागा सांगणारा आकडा) उणे आला की शून्य करा. पण मॉनिटर डावीकडे लावला असेल तर उणे एक्स अगदी बरोबर असतो. त्या लोकांची विंडो दर वेळी भलत्याच स्क्रीनवर उघडू लागली, आणि उजवीकडे मॉनिटर असलेल्यांचा प्रश्न तसाच राहिला.

मी ‘स्क्रीन.गेटऑलडिस्प्लेज’मधून प्रत्येक मॉनिटरचा ‘वर्कएरिया’ (टास्कबार सोडून उरलेली जागा) घेतो आणि टायटलबार माउसने पकडता येईल इतका तरी कुठे दिसतोय का, ते तपासतो. दिसत नसेल तर एक्स-वाय देतच नाही. विंडो आपोआप मधोमध उघडते. माप ‘गेटनॉर्मलबाउंड्स’नेच घ्या, नाहीतर मॅक्झिमाइज केलेलं माप जतन होतं. आणि नोंद ‘क्लोज’ इव्हेंटमध्ये करा. ‘क्लोज्ड’ येईपर्यंत विंडो नष्ट झालेली असते. तिला हात लावला की ‘ऑब्जेक्ट हॅज बीन डिस्ट्रॉइड’.

उघडताना पांढरा झटका दिसतो? ‘शो: फॉल्स’ ठेवा, ‘रेडी-टू-शो’ आल्यावर दाखवा. अंदाजाने ‘सेटटाइमआउट’ लावू नका.

जुन्या व्हिडिओतून ‘नोडइंटिग्रेशन: ट्रू’ (पानाच्या कोडला थेट नोड.जेएस वापरू देणारी सेटिंग) उचलणं तर थांबवाच. आवृत्ती 5 पासून ते मुळात बंद असतं, 12 पासून ‘कॉन्टेक्स्टआयसोलेशन’ (अ‍ॅपचा कोड पानाच्या कोडपासून वेगळा ठेवणं) चालू असतं, आणि दोन्ही वापरणाऱ्याच्या सुरक्षेसाठी आहेत. प्रीलोड (पानाच्या कोडआधी चालणारी स्क्रिप्ट) आणि ‘कॉन्टेक्स्टब्रिज’ (तिच्यातून पानाला मोजकी फंक्शन्स देणारा पूल) शिकायला एक संध्याकाळ पुरते. तेवढी द्या.

आयकॉनवर दोनदा क्लिक केल्यावर दोन अ‍ॅप उघडत असतील तर ‘रिक्वेस्टसिंगलइन्स्टन्सलॉक’ वापरा. अ‍ॅप पुन्हा उघडू पाहिलं की येणाऱ्या ‘सेकंड-इन्स्टन्स’ इव्हेंटमध्ये विंडो मिनिमाइज असेल तर आधी ‘रिस्टोअर’, मग ‘फोकस’.