चिखलात मॅन्युअल की ऑटोमॅटिक? आधी या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की बेळगावात एकच प्रश्न फिरायला लागतो: "फोर बाय फोर घ्यायची आहे, मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?" विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. मी उलट विचारतो, आधीच्या गाडीत लो रेंज, म्हणजे चाल कमी करून ताकद वाढवणारा दुसरा दांडा, कधी टाकलीस का? बहुतेक जण म्हणतात, "तशी गरजच पडली नाही." गरज पडलेली असते, ती ओळखता आलेली नसते.

जांबोटी, कणकुंबी, चंदगड या पट्ट्यात अडकलेल्या, क्लच जळालेल्या, बांधावरून घसरलेल्या गाड्या दर पावसाळ्यात बघायला मिळतात. गिअरबॉक्सचा प्रकार चुकला म्हणून अडकलेली गाडी त्यात क्वचितच असते. फोर्स कंपनीची गुरखा मॅन्युअलमध्येच मिळते आणि भल्याभल्या ठिकाणाहून निघते. २०२० साली आलेली थार आणि २०२३ ची जिम्नी दोन्ही प्रकारांत मिळतात आणि दोन्ही प्रकारांत चालतात. ज्याला आपला गिअरबॉक्स कुठे हात टेकतो हे ठाऊक नसतं, त्याच्याकडे कुठलाही दिला तरी तो अडकणारच.

हाफ क्लचवर चढ काढणे

क्लच अर्धवट दाबून गाडी रेटायची ही चूक बघितली की माझं डोकं फिरतं, कारण ती टाळायला काहीच लागत नाही. एक दांडा ओढावा लागतो, बस्स.

खानापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्यांच्या शिवारात घडलेली गोष्ट. भाताची लावणी उरकलेली, खाचरं भरलेली, आणि घराकडे जाणाऱ्या पाणंदीला एक आखूड पण खडा चढ. खाली जांभ्याचा कातळ, वर बोटभर तांबडा चिखल. पुढे एक जुनी जिप्सी होती, चालवणारे साठीचे गृहस्थ. त्यांनी पायथ्याशी गाडी थांबवली, लो टाकली आणि माणसाच्या चालीने वर गेले. इंजिनचा आवाजसुद्धा चढला नाही.

मागे नवी कोरी मॅन्युअल गाडी, आत विशीतला पोरगा. दांडा फोर-एचवर (चारही चाकं, पण लो रेंज नाही), पहिला गिअर, आणि इंजिन बोंबलतंय. मी काच वाजवून सांगितलं, लो टाक. "नको काका, ह्यातच जाते की ओ, बघा तुम्ही." गाडी अर्ध्यावर गेली, चाकं फिरली, मागे आली. पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी वास यायला लागला. जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही, कुजकट आणि उग्र, घशाशी खवखवणारा. त्याला वाटलं टायरचा आहे. तिसऱ्या वेळी गाडीखालून पांढरट धूर आला, इंजिनचे नुसते फेरे वाढले आणि गाडी जागची हलेना. शेवटी त्याच घरचा ट्रॅक्टर काढून ती ओढावी लागली. उद्यमबागेतल्या गॅरेजात गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली होती आणि फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग उठले होते. तापून तापून लोखंडाचा रंग बदलला होता.

झालं असं, की फोर-एच चारही चाकांना ताकद पोचवतो, पण ताकद वाढवत नाही. पहिल्या गिअरची कमीत कमी चाल त्या चढाला जास्त पडत होती, आणि तो मधला फरक पोरगा क्लच घासून भरून काढत होता. लो रेंजमध्ये गिअर साधारण दोन ते अडीच पट आखूड होतो. मग क्लच पूर्ण सोडूनसुद्धा गाडी माणसाच्या चालीने चढते आणि प्लेट घासायचा प्रश्नच उरत नाही.

माझी सवय सांगतो. चढाच्या पायथ्याशी थांबायचं, उतरायचं, चढ पायी चालून बघायचा. बूट जिथे घसरतो तिथे टायरही घसरणार. लो टाकायची. कोरड्या दगडावर पहिला गिअर, ओल्या मातीत दुसरा, कारण लोच्या पहिल्यात ताकद इतकी असते की चाक जागीच फिरतं. गाडी सुटली की डावा पाय क्लचवरून काढून फ्लोअरवर ठेवायचा आणि चढ संपेपर्यंत तिथून हलवायचा नाही. पाय क्लचवर असला की तो दाबला जातोच.

चढावर इंजिन बंद पडलं तर घाबरून क्लच दाबू नका. आधी ब्रेक गच्च, मग हँडब्रेक. त्यानंतर क्लच, रिव्हर्स गिअर, इंजिन चालू, मग हँडब्रेक काढून क्लच सोडत सोडत हळूच ब्रेक सैल करा. गाडी इंजिनच्या जोरावर धरून धरून सरळ मागे येते. मधेच वळवायला जाल तर गाडी आडवी होईल आणि आडवी झालेली गाडी उलटते.

"ऑटोमॅटिक आहे, ते बघून घेईल"

त्या पोराने नंतर ठरवलं, पुढची गाडी ऑटोमॅटिकच. निम्मं बरोबर आहे. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे प्लेटऐवजी तेल असतं. हाफ क्लचमध्ये प्लेट जे काम घासून करते, ते इथे तेल करतं, वर जागेवरून सुटताना ताकद जवळपास दुप्पट करून देतं. दगडांवरून इंच-इंच सरकताना उजवा पाय ॲक्सिलरेटरवर आणि डावा ब्रेकवर ठेवून गाडी जशी तोलता येते, तशी मॅन्युअलमध्ये तोलायला वर्षं घालवावी लागतात. नवशिक्याला चढावर ऑटोमॅटिक सोपी जाते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण उष्णता कुठे जात नाही. प्लेटऐवजी ती तेलात जाते. चिखलात रुतल्यावर डी, आर, डी, आर (पुढे, मागे) करत गाडी झुलवत बसलं की तेल तापतं, मीटरवर त्याचा दिवा पेटतो आणि पुढचा खर्च क्लच प्लेटच्या कितीतरी पट असतो. झुलवायचीच असेल तर गाडी पूर्ण थांबल्यावरच दांडा हलवा, आणि दोन-तीन वेळात निघाली नाही तर फावडं काढा. मला फावडं नेहमी आधी काढायला आवडतं. दिवा पेटला तर इंजिन बंद करू नका, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, म्हणजे तेल कूलरमधून फिरून थंड होतं.

आणि दोन पेडल दिसली म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर आहे असं नाही. एएमटीमध्ये साधी क्लच प्लेटच असते, फक्त ती यंत्र दाबतं. म्हणजे हाफ क्लच करणारा पोरगा आता बोनेटखाली बसलेला असतो. एएमटी घेऊन चिखलाच्या चढाला जाऊ नका.

उतारावर गाडी मोकळी सोडणे

ऑटोमॅटिकवाले डी मध्ये उतरतात. वेग वाढला की गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो, इंजिनची पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लो टाका, मॅन्युअल मोडमध्ये पहिला धरा. मॅन्युअलवाले त्याहून वाईट करतात, भीतीने क्लच दाबतात. त्या क्षणी गाडी सुटते. शिवाय लोच्या पहिल्यात वेगाने उतरताना क्लच दाबला तर चाकं प्लेटला इंजिनच्या कमाल वेगापेक्षा जास्त फिरवू शकतात आणि प्लेट फुटते.

ट्रान्सफर केसचा एन

याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी पुन्हा पुन्हा बोलतो. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा. थारसारख्या गाड्यांत त्याच्या दांड्यावर टू-एच (दोनच चाकं), फोर-एच, एन आणि फोर-एल (लो रेंज) असतात. त्यातला एन साधा न्यूट्रल समजू नका. ऑटोमॅटिक पी (पार्किंग) मध्ये टाकलं की गिअरबॉक्सचा शाफ्ट अडकतो, पण ट्रान्सफर केस त्याच्या पुढे असते. ती एन मध्ये असेल तर चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच उरत नाही. पी काही धरत नाही. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी केली असली तरी तीच गत.

एकदा चहासाठी आम्ही सगळे एका उतारावर थांबलो होतो. एकाने ऑटोमॅटिक गाडी लोमधून काढली, दांडा पुढे ढकलला, पी टाकला आणि उतरला. दांडा फोर-एचपर्यंत पोचलेला नव्हता, मधे एन वर राहिला होता. हँडब्रेक नव्हता, कारण "पी आहे की." थोड्या वेळाने गाडी आवाज न करता हलली. कोणीतरी ओरडलं. उतारावर दोन पोरं डब्यातले पोहे खात बसली होती, त्यातल्या एकीला तिच्या आईने दंडाला धरून खेचलं. गाडी त्यांच्या जागेवरून गेली आणि खालच्या बांधाला अडून खाचरात नाक घालून थांबली. बंपर गेला, माणसं वाचली. त्या बाईचा हात नंतर बराच वेळ थरथरत होता. तिने चहा घेतला नाही.

हा दांडा बदलताना गाडी पूर्ण थांबवा, पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढलेला. ऑटोमॅटिकचा मुख्य गिअर दांडा न्यूट्रलमध्ये, मॅन्युअलचा क्लच दाबलेला. दांडा बसत नसेल तर जोर लावू नका, गाडी हातभर पुढे घेऊन पुन्हा बघा. मीटरवर दिवा स्थिर झाला का ते पाहा. ब्रेक हळूच सोडून गाडी गिअरवर धरते का ते बघा, मगच उतरा. उतारावर मी हँडब्रेकवरही विसंबत नाही, चाकाखाली दगड लावतो. कोणी घाई केली तरी लावतो.

बाकीच्या

कोरड्या डांबरावर फोर-एच ठेवू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल या गाड्यांत नसतो, चोर्ला घाटातल्या वळणांवर सगळा ताण शाफ्टवर येतो.

एक चाक हवेत फिरायला लागलं की लोक ॲक्सिलरेटर सोडतात. फिरणाऱ्या चाकाला आपोआप लागणारा ब्रेक किंवा डिफरन्शियलचा लॉक काम करायला चाक थोडं फिरावंच लागतं. पाय स्थिर ठेवा.

टायरची हवा कमी न करता चिखलात उतरणारे आणि मग गिअरबॉक्सला शिव्या घालणारे फार आहेत. कॉम्प्रेसर बरोबर ठेवा, हवा कमी करा, परतताना भरा.

बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी माती ओली असेल तर जाऊच नका. ती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे मॅन्युअल, ऑटोमॅटिक, लॉक, काही चालत नाही. ऊन पडून दोन दिवस जाऊ द्या.

ऑटोमॅटिकची बॅटरी बसली तर धक्का मारून सुरू होत नाही. जंप केबल ठेवा.

भीमगड अभयारण्य आहे. तिथल्या वाटांवर गाडी घालायचा विषयच काढू नका. शेतातून जायचं तर आधी मालकाला विचारा, बांध फुटला तर बांधून द्या.

पाण्यात मॅन्युअलवाल्यांनी क्लच दाबू नये, प्लेटमध्ये पाणी शिरून ती घसरते. लो, पहिला किंवा दुसरा, एका लयीत पलीकडे. थारसाठी कंपनी ६५० मिमी पाणी सांगते, पण वाहत्या ओढ्यात त्या आकड्यावर विसंबू नका. काठीने तळ बघा, पाणी लाल आणि जोरात असेल तर थांबा. मधेच इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ओढून काढा. आणि तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा जायची नळी) पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. म्हणून खोल ओढ्याच्या आधी मी दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी करतो, आणि घरी आल्यावर गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल बघून घेतो. दुधट दिसलं की गाडी हलवत नाही, तेल तिथेच बदलायचं.