आजोळचं आजोळ: नागपूरकडच्या गावांतून आईकडच्या पिढ्या कशा शोधायच्या

बापाकडची वंशावळ काढताना आडनाव हातात असतं. आईकडून मागे जायचं म्हटलं की दर पिढीला आडनाव बदलतं, गाव बदलतं, आणि लग्नात बाईचं पाळण्यातलं नावही बदललेलं असतं. माहेरची गोदी सासरी जानकी होते आणि कागदावर आलीच तर जानकीच येते. म्हणून पणजीला तिच्या नावानं शोधत बसू नका. तिच्या भावाला शोधा. तो गावात राहिला, त्याच्या नावावर शेत चढलं, त्याची पोरं शाळेत गेली. पणजीच्या माहेरचा कागद सापडतो तो त्याच्या नावाखाली.

आधी हिशोब करा. आजी १९३०च्या आसपासची असेल तर पणजी १९१०ची आणि खापरपणजी १८९०ची. म्हणजे मागे जाताना एकोणिसावं शतक खापरपणजीपाशी लागतं. लेक थोरली असेल तर मायलेकींत सोळा ते वीस वर्षांचं अंतर धरा. शेंडेफळ असेल तर ते चाळीसपर्यंत जातं. म्हणून एकच साल न लिहिता वीस वर्षांचा पट्टा लिहा.

दर बाईला वेगळा कागद द्या. त्यावर सासरचं नाव, माहेरचं नाव, बाप, भाऊ, आडनाव, मौजा, तहसील, जात, पोटजात आणि देवक लिहा. पोटजात गाळू नका. सोयरिकी बहुतेक पोटजातीतच व्हायच्या, त्यामुळे मुलूख आपोआप आखडतो. झाडे कुणबी म्हटलं की आधी भंडारा-चांद्याकडची (चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर) झाडीपट्टी पाहायची, काटोल-नरखेड नंतर.

घरातल्या म्हाताऱ्या बायांना ‘पणजीचं नाव काय होतं?’ हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा: दिवाळीला तिला न्यायला कुठून गाडी यायची? आईच्या लग्नात मामा म्हणून कोण उभा होता? पहिलं बाळंतपण कुठं झालं? जात्यावरच्या ओव्यांत कोणत्या गावाचं नाव यायचं? ज्या बाईला आजीचं नाव सांगता येत नाही, ती माहेरच्या वाटेवरचा नाला न् आंबा सांगते. मग माळ्यावरची भांडी खाली काढा. पितळेचा गुंड, गंगाळ, परात उलटी करून काठाखाली आणि बुडाशी पाहा. लग्नातल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, कधी गाव आणि सालही कोरलेलं असतं. चिंचेनं घासायच्या आधी फोटो घ्या, कारण ठोक्यांची अक्षरं झिजलेली असली की काळपट थर असतानाच वाचता येतात. प्रकाश बाजूनं पाडा.

पहिल्या बाळंतपणाचा प्रश्न उगाच नाही. ते माहेरी व्हायचं, म्हणून थोरल्या लेकराच्या जन्माची नोंद सासरच्या नव्हे, माहेरच्या गावच्या कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, असायची शक्यता मोठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अशा पंज्या तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. नक्कल मागण्याआधी पंजी पाहू देण्याचा अर्ज करा, कारण नोंद नेमक्या कोणत्या साली आहे हे तुम्हालाही ठाऊक नसतं. पानावर बहुधा लेकराचं नाव नसतंच. ‘गणपत वल्द सखाराम, कुणबी, मुलगी’ एवढंच असतं. आईचं नाव तर विसराच. पण परक्या गावच्या पंजीत तुमच्या पणजोबाचं नाव, बापाच्या नावासकट दिसलं, तर ते गाव पणजीचं माहेर असल्याचा तो चांगला पुरावा आहे.

त्यामागे गेलात की जमिनीचे कागद. इथं आधी वर्धा नदीचा कोणता काठ ते ठरवा. भोसल्यांचा मुलूख इंग्रजांनी १८५४ साली खालसा केला. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून त्यांच्या ताब्यात आलं होतं. नागपूरच्या बाजूला मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा; वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारात भरायचा. म्हणजे माहेर नरखेडकडचं असेल तर मालगुजाराच्या गावची जमाबंदी, कुळांची यादी आणि बंदोबस्ताची (जमीन मोजून सारा ठरवण्याची) मिसल, म्हणजे कागदांची फाईल, पाहायची. नदीपलीकडे वरुड-मोर्शीत असेल तर सर्व्हे नंबर आणि खातेदार. जिल्हाही त्या सालचा धरा. वर्धा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला, गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून. जुना कागद जुन्याच जिल्ह्याच्या नावानं मागावा लागतो.

या कागदांत आडनाव सहसा नसतं. नाव, बाप, जात, गाव, बस. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ किंवा ‘कोम’ म्हणजे बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘साकीन’ म्हणजे राहणार. नागपूर भागात पहिला बंदोबस्त १८६०च्या दशकात आणि पुढचा १८९०च्या दशकात झाला. मध्ये साधारण एक पिढी जाते. मागच्या यादीतला खातेदार पुढच्या यादीत ‘वल्द’च्या नंतर आला पाहिजे. जात आणि शेताचा ठिकाणा दोन्हीकडे जुळला तरच साखळी पक्की समजा.

बाईचं स्वतःचं नाव येतं ते बहुतेक ‘मुसम्मात सखू बेवा गणपत’ असं (‘मुसम्मात’ म्हणजे बाईच्या नावाआधीचं ‘श्रीमती’). ही ओळ दिसली की तिथंच थांबा आणि तिच्यानंतर शेत कोणाकडे गेलं ते पाहा. मुलगा नसला की लेकी आणि नवऱ्याचे भाऊबंद यांच्यात दावा ठरलेला. दिवाणी दाव्यात शिजरा, म्हणजे खानदानाचा तक्ता, जोडतात आणि त्यात लेकी कुठं दिल्या तेही येतं. घरोघरी जे कोणी लिहून ठेवलं नाही, ते भांडणानं लिहून ठेवलं आहे!

जुनी पानं मोडीत असली तर ऱ्हस्व-दीर्घ धरून बसू नका. मोडीत तो भेद पाळत नाहीत आणि शब्दही सुटे लिहीत नाहीत. रखमा, रुखमी, रुक्मी एकीच असू शकतात. सनांचं गणित सोपं आहे: शकात ७८ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा, फसलीत (महसुली सनात) ५९० मिळवा. वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्यानं एखाद्या सालाचा फरक पडतो.

ज्या घरांत श्राद्धपक्ष होता, तिथं महालयाची यादी पोथ्यांच्या कापडात गुंडाळलेली सापडते. तिच्यात मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह, म्हणजे आईकडचे तीन पुरुष, आणि त्यांच्या बायकांची नावंही असतात. नावं सासरची, पण क्रम पक्का. ही यादी मिळाली तर कचेरीतले कित्येक खेटे वाचतात. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, म्हणजे यजमानांच्या वंशावळी, पाहायला जाताना स्वतःचं नव्हे, मामाच्या घराण्याचं आडनाव, जात आणि मूळ गाव सांगा. वही त्या घराण्याची काढायची आहे. दक्षिणा आधी ठरवा, फोटोची परवानगी घ्या. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या घरांनी जुन्या सरकारी कागदांत तेव्हाच्या जातीच्या नावानंच शोधायचं.

जनगणनेच्या मागे लागू नका. अमेरिकेत १८५०च्या जनगणनेपासून घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येक माणसाचं नाव कागदावर मिळतं. आपल्याकडे घराघरांचे तक्ते राहिले नाहीत, आकडे राहिले. डीएनए चाचणीनं आईकडची सलग रेघ दिसते, पण ती ना नाव सांगते ना गाव.

घोटाळे बहुतेक तीन जागी होतात. एक, गाव: पिपळा, वडगाव, बोरगाव, खापरी नावाची गावं ढिगानं आहेत, म्हणून पिपळा डाकबंगला की पिपळा किनखेडे हे लिहूनच घ्या, जमल्यास पटवारी हलक्याच्या (एका पटवाऱ्याकडच्या गावांच्या गटाच्या) नंबरासकट. दोन, सवत आणि पाट (बाईचं दुसरं लग्न): लेकरांच्या जन्मांत सात-आठ वर्षांची पोकळी दिसली की पहिली बायको गेली का, की बाईचाच दुसरा पाट लागला, हे विचारा. नाहीतर सावत्र आजीचं आजोळ आपलं समजून दोन वर्षं घालवाल. तीन, दत्तक: भाच्याला दत्तक घेतला की त्याच्या नावापुढचा बाप बदलतो आणि साखळी भलत्या घरात शिरते.

आणि गावाच्या नावापुढे ‘रिठी’ लिहिलेलं दिसलं तर मोटारसायकल काढू नका, तिथं वस्ती उरलेली नाही. शेजारच्या मौजात विचारा. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या कुही-भिवापूरकडच्या गावांचंही तेच: लोक पुनर्वसनाच्या वस्तीत भेटतील, कागद तहसीलीत.