शिडाच्या जहाजाचं मॉडेल बांधायला बसताय? आधी पट्ट्या वाळवायची सोय करा

सात महिने खपून बांधलेलं जहाज मागच्या वर्षी डोळ्यांसमोर उकललं, म्हणून हे लिहायलोय. आमच्या परभणीत ऑगस्टमध्ये जहाजाच्या अंगाला लाकडी पट्ट्या लावल्या होत्या, एप्रिलमध्ये एका दुपारी सहज हातात घेऊन खिडकीकडं धरलं तर पट्ट्यांच्या मधून उजेड दिसायला लागला. पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट, आणि पुढच्या टोकाला दोन पट्ट्या सुटून वर आलेल्या. माप बरोबर होतं, फेव्हिकॉल बरोबर होता, पट्ट्या तेवढ्या ओल्या चिकटवल्या होत्या. बाकी काही विसरलात तर निभावतं, हे निभावत नाही.

आता सुरुवातीपासून. पहिलंच जहाज असेल तर तीन डोलकाठ्यांचं घेऊ नका. १०४ तोफांची जुनी ब्रिटिश युद्धनौका व्हिक्टरी सगळ्यांनाच हवी असते, मलाही हवी आहे, पण आधी एका डोलकाठीची साधी बोट पूर्ण करा. स्केल बघून घ्या, १:६४ ला पावणेसहा फुटी माणूस पावणेतीन सेंटिमीटरचा होतो, मग त्याच्या हाताएवढ्या कप्प्या आणि गाठी केवढ्या होणार याचा विचार करा, डोळ्यांना झेपत नसेल तर १:४८ घ्या. कटर, चिमटा, फूटपट्टी, पेन्सिल हे घरात असतंच. पॉलिश पेपर १२०, २२० आणि ४०० असे तिन्ही नंबर आणा, कपड्यांचे चिमटे तीस तरी लागतात. नकाशाची झेरॉक्स काढून तीच कापा, मूळ नकाशाला कात्री लावू नका.

किटचं पार्सल आलं की लगेच कामाला बसायचं नाही. लाकूड बाहेर काढून, पट्ट्यांवरचे रबर काढून, ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत दोन आठवडे पसरून ठेवा. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं, आणि फुगतं-आक्रसतं ते रुंदीत, लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही, म्हणून फटी नेमक्या दोन पट्ट्यांच्या सांध्यात पडतात. आपल्याकडं पावसाळ्यात कपडे दोन दिवस वाळत नाहीत आणि एप्रिल-मेमध्ये ४२ च्या वर पारा जातो, एवढा फरक पट्टीला सोसावा लागतो. गल्लीतल्या सुतारमामांना माझं जहाज दाखवलं तर ते म्हणाले, "अरे बाबा, पावसाळ्यात अडकणारं दार उन्हाळ्यात सैल होतंच की, तुझी नाव काय वेगळ्या लाकडाची हाय का?" खरी जहाजं बांधणाऱ्यांनाही हे माहीत होतं. व्हिक्टरीचा कणा, म्हणजे तळाचं मुख्य लांब लाकूड, १७५९ ला घातला आणि ती पाण्यात गेली १७६५ ला, मधली जवळपास तीन वर्षं तिचा नुसता सांगाडा हवेवर मुरत ठेवला होता. तीन वर्षं! आपल्याला फक्त दोन आठवडे थांबायचं असतं.

कणा सरळ आहे का ते काचेवर ठेवून बघा, वाकडा असेल तर तिथंच दुरुस्त करा. आडव्या चौकटी काटकोनात बसवा, मग त्यांच्या कडा तिरक्या घासा, पट्टी कडेवर पूर्ण टेकली पाहिजे, नुसत्या टोकावर नाही. यात घाई नको.

आता पट्ट्या. वळवण्यासाठी भिजवाव्याच लागतात. प्लंबिंगच्या पाईपला एका बाजूनं बूच लावून त्यात गरम पाणी भरा, दीड मिलिमीटर जाडीच्या पट्टीला अर्धा तास पुरतो. बाहेर काढली की जागेवर चिमट्यांनी आणि टाचण्यांनी अडकवा, फेव्हिकॉल न लावता. परत सांगतो, फेव्हिकॉल न लावता. भिजलेली पट्टी फुगलेली असते, ती तशीच शेजारणीला घट्ट चिकटवली तर दिसायला एकदम झकास दिसतं, मीही त्यालाच भुललो, आणि वाळली की ती आक्रसते. रात्रभर तशीच राहू द्या, पावसाळ्यात दोन रात्री. आकार पकडला की काढा, गालाला लावून बघा, गार लागली म्हणजे ओल आहे. मी आता सोनारासारखा छोटा डिजिटल काटा घेतलाय, भिजवायच्या आधीचं वजन पट्टीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहितो आणि वाळवल्यावर तेवढंच भरलं तरच चिकटवतो, अर्धा ग्रॅम जास्त भरलं तरी परत ठेवून देतो. आणि कूलर! उन्हाळ्यात कूलरसमोर बसून पट्ट्या लावू नका, त्या हवेत पाणीच असतं, खोलीत पसरून ठेवलेल्या पट्ट्याही परत ओल धरतात. काम पहाटे करा, कूलर बंद ठेवा, घाम आला तर येऊ द्या. उन्हात टाकून झटपट वाळवायलाही जाऊ नका, पट्टी पिळते.

दोन्ही बाजूंना आलटून पालटून एकेक पट्टी लावा, नाहीतर कणा ओढला जातो. मग घासणं, १२० पासून ४०० पर्यंत. डेक सोपा आहे.

डोलकाठ्या निमुळत्या करा, परबानं, म्हणजे शिडं बांधायच्या आडव्या काठ्या, त्याच पद्धतीनं. दोरीला नायलॉन नको, ताणतं. पॉलिस्टरचा धागा घ्या, मधमाशीच्या मेणातून ओढला की तूस बसतं. मागच्या दोऱ्या आधी, पुढच्या नंतर, म्हणजे हात पोचतो. शिडं नसली तरी चालतात.

काचेच्या पेटीला खालून दोन-चार भोकं ठेवा, शिशाच्या तोफा असतील तर बंद हवेत पांढऱ्या पडतात.