आधी पोरांना विचारा, मग फिक्स्चर काढा

कोल्हापुरात फुटबॉलवर मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. शाहू स्टेडियमवर केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगची मॅच असली की रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळेच सिलेक्टर. मत विचारलं जात नाही ते फक्त बारा-चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या पोरांचं. फिक्स्चर, म्हणजे कुणाची मॅच कुणाशी आणि कधी, ते मोठी माणसं काढणार, वेळ तीच ठरवणार, पोरांनी जर्सी घालून हजर व्हायचं.

मी पेठेतल्या एका मंडळाच्या ज्युनियर टीमचं काम बघते. कोच नाही मी. कुणाचा बूट फाटलाय, आधार कार्डाची झेरॉक्स कुणाची राहिली, पाण्याचा जार आला का, ही माझी खाती. पोरांना बोलतं करायचं काम यातूनच सुरू होतं, आणि त्यासाठी फुटबॉल खेळता यायलाच पाहिजे असं काही नाही. उलट कोचपेक्षा जार आणणाऱ्या ताईला पोरं जास्त खरं सांगतात, कारण उद्याची टीम ती लावत नाही. म्हणून हे काम अंगावर घ्यायचं असेल तर पहिली अट ही, की टीम निवडण्यात तुमचा हात नको. तुमचं स्वतःचं पोरगं खेळत असेल तर दुसऱ्या वयोगटाचं काम मागून घ्या. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक बापाला घरात एक अनिकेत दिसायला लागलाय. आयाही काही कमी नाहीत.

आता विचारायचं कसं? "काही अडचण आहे का रे?" असं घोळक्यात विचारलंत तर "न्हाई ताई" एवढंच मिळणार. प्रश्न बारीक असावा आणि त्याच्या उत्तराने काहीतरी हलणार असावं. रविवारची मॅच सकाळी सातला की संध्याकाळी पाचला? बेंचवरच्या राखीव पोरांना खेळायला किती वेळ मिळावा? कॅप्टन कोचने नेमायचा की तुम्ही निवडायचा? असे प्रश्न टाका. माईक, स्टेज, पाहुणे यांच्या वाटेला जाऊ नका. माईक हातात दिला की पोरगं "सर्व मान्यवरांचे आभार" म्हणून मोकळं होतं.

मी बुटाचं रिकामं खोकं आणि वहीची फाडलेली पानं घेऊन प्रॅक्टिसनंतर पायरीवर बसते. सगळ्यांना एकसारखं पेन, नाव लिहायचं नाही. पहिल्या वेळी एकाने विचारलं, "काय बी लिवलं तर चालतंय?" दुसरा म्हणाला, "सर अक्षर वळखतील की." त्यामुळे नियम केला, चिठ्ठ्या मी घरी नेऊन वाचणार, कोचच्या हाती द्यायच्या नाहीत. मग खोक्यातून काय काय निघालं! "मला गोलकी करू नका, उंच आहे म्हणून करतात." "मॅच हरली की पप्पा गाडीवर बोलत नाहीत." "बारीक पोरांची मॅच दुपारी का? मोठ्यांची सकाळी का?" "नुसतं विचारतासा, करत काय न्हाईसा." ही शेवटची चिठ्ठी पहिल्याच फेरीत आली होती, म्हणजे आधी दुसरं कुणीतरी विचारून गप्प बसलं असणार.

तिच्यासाठीच सांगते, खरी मेहनत विचारण्यात नाही, उत्तर देण्यात आहे. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करायचे: होणार, होणार नाही, विचारून सांगते. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर तिन्ही वाचायचे. घरातली गोष्ट असेल ती मात्र वाचायची नाही, त्या गाडीवरच्या पप्पांची चिठ्ठी माझ्यापाशीच राहिली. "होणार नाही" म्हणताना कारण सांगायचं, आणि तेही खरं. ग्राउंड आपल्या मालकीचं नाही, सकाळची वेळ सीनियर टीमने घेतलीय, ते ऐकत नाहीत, असं सरळ सांगितलं तरी पोरं समजून घेतात. "बघू" या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. तिसऱ्या गठ्ठ्याला तारीख घाला आणि त्या तारखेला उत्तर द्या, नकार असला तरी द्या.

बेंचचा प्रश्न हमखास येतो. इथे थोडा अभ्यास करून जा, कारण ज्येष्ठ मंडळी लगेच म्हणतात, "नियमात बसत नाही." बसतं. फुटबॉलचे नियम करणारी आयएफएबी ही संस्था लहान वयोगटांसाठी आणि गल्लीपातळीच्या फुटबॉलसाठी मोकळीक देते. मैदान लहान करा, बॉलचा आकार बदला, गोलपोस्ट छोटे लावा, हाफ कमी मिनिटांचा ठेवा, आणि बाहेर काढलेल्या खेळाडूला पुन्हा आत घ्या, हे सगळं चालतं. म्हणजे आपली टुर्नामेंट असेल तर प्रत्येक पोराला निम्मी मॅच तरी खेळायला मिळेल असा नियम पोरं स्वतः मांडू शकतात. तो कागदावर लिहून घ्या आणि फिक्स्चरच्या बैठकीत त्यांच्यातल्याच दोघांना मांडायला पाठवा. एकट्याला पाठवू नका, एकटं पोरगं मोठ्यांपुढे बावरतं. आदल्या दिवशी सराव घ्या आणि उलटतपासणी तुम्हीच करा: "मग हरलो तर?" आमच्या एकाने याला उत्तर दिलं, "आत्ता तरी कुठं जिकतोय." त्याला बैठकीत मी मुद्दाम पुढे बसवला.

प्रॅक्टिस मॅचला एक वेगळी पद्धत करून बघा. तिला फुटबॉल थ्री म्हणतात. कोलंबियाच्या मेडेयीन शहरात तिचा उगम झाला. १९९४ च्या विश्वचषकात स्वयंगोल झाल्यावर आंद्रेस एस्कोबार या बचावपटूचा तिथेच खून झाला होता, त्यानंतरच्या काळातली ही गोष्ट. खेळाचे भाग तीन. पहिल्या भागात दोन्ही टीम रिंगण करून बसतात आणि आजचे नियम ठरवतात. दुसऱ्यात रेफ्रीशिवाय खेळतात. तिसऱ्यात पुन्हा बसून नियम कुणी पाळले याची चर्चा करतात आणि त्याचे गुण देतात. बाहेर एक मध्यस्थ असतो, तो शिट्टी मारत नाही, बोलणं चालू ठेवतो. विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या स्लम सॉकरनेही ही पद्धत वापरली आहे. आपल्याकडे, जिथे थ्रो-इनवरूनही दोन पेठा समोरासमोर येतात, तिथे रेफ्रीशिवाय मॅच म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. पहिल्या भागाला दहा मिनिटं ठेवा, त्याहून लांबलं की पोरं बॉलशी चाळे करायला लागतात. मध्यस्थ जरा मोठा, सोळा-सतराचा पोरगा किंवा पोरगी असावी. तुम्ही तोंड उघडायचं नाही, आणि सगळ्यात अवघड तेच.

मुलींची बैठक वेगळी घ्या आणि ती बाईने घ्यावी. मिश्र घोळक्यात त्या पाण्यावर बोलतील, शेड्यूलवर बोलतील, खरी गोष्ट बोलणार नाहीत. खरी गोष्ट म्हणजे ग्राउंडवर बाथरूम नाही, कपडे बदलायला आडोसा नाही आणि चड्डी पांढरी आहे. पाळीच्या दिवसांत पांढरी चड्डी नको, हे इंग्लंडच्या महिला संघालासुद्धा बोलून दाखवावं लागलं, आणि २०२३ च्या विश्वचषकाआधी त्यांच्या चड्ड्या निळ्या झाल्या. ही बातमी मी मुलींना सांगितली तेव्हा आधी खुसखुस झाली आणि मग एकीने विचारलं, "मग आपली काळी करायची का?" पुढच्या किटची ऑर्डर काळ्या चड्डीची गेली. रंग बदलायला जादा पैसा लागत नाही, ऑर्डरच्या आधी विचारायला लागतं.

साइडलाइनवर ओरडणाऱ्या वडिलांचं काय करायचं, यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. एक चालतं, नियम पोरांकडून लिहून घ्यायचे आणि त्यांच्याच अक्षरात दोरीला लटकवायचे. "पास कुठे द्यायचा ते सांगू नका, आम्हाला दिसतंय" असा बोर्ड वाचल्यावर अर्धे तरी दोन पावलं मागे सरकतात.

आता गंभीर मुद्दा. पोरं बोलायला लागली की कधीतरी ऐकायला नको तेही येतं. कुणी हात लावला, कुणी घाण मेसेज पाठवला. अशा वेळी स्वतः चौकशी करू नका, त्या माणसाला गाठू नका, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन पोराला कधीच देऊ नका. शांतपणे ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, तो पोरांनाही पाठ असू द्या. मंडळाचं नाव खराब होईल म्हणणारा एखादा भेटतोच. त्याचं ऐकायचं नाही. एकट्या पोराला बंद खोलीत भेटायचं नाही आणि रात्री वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत, हे नियम तुम्हालाही लागू.

मंडळाच्या कमिटीत पोरांना कसं आणायचं? पूर्ण सदस्य करण्याच्या भानगडीत पडू नका, त्यावर वर्षभर वाद चालेल. "ज्युनियर टीमचे दोन निमंत्रित प्रतिनिधी" असा साधा ठराव करून घ्या. एक जुना, एक नवा, दर हंगामाला पोरांनीच निवडलेले. ज्येष्ठ कुरकुरले तर सांगा, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात १२ वं कलम आहे, मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं मत ऐकून घ्यावं असं ते सांगतं, आणि भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारलाय. कायद्याचं नाव काढलं की मंडळी जरा सरसावून बसतात. बैठक रात्री दहाला ठेवली तर प्रतिनिधी येणार नाहीत, त्यांची शाळा असते. त्यांचा विषय पहिला घ्या, बोलून झालं की घरी सोडा. ते काय बोलले ते इतिवृत्तात लिहिलंय का बघा, आणि त्या पानाचा फोटो टीमच्या ग्रुपवर टाका.

जमलं तर थोडे पैसेही त्यांच्या हाती द्या. पाचशे का असेनात, पण खर्च कशावर करायचा ते त्यांनी ठरवायचं आणि पावती आणून द्यायची. आमच्या कमिटीला खात्री होती, पोरं वडापाव खाणार. त्यांनी हवा भरायचा पंप घेतला आणि वर सुयांचं पाकीट. सुया सारख्या मोडतात म्हणे, आणि मोठे त्या कधी आणत नाहीत.